लाकडाची मुदत

सुबक, रेखीव आणि कोठेही फाजील अंश न उरलेल्या वस्तूला मराठीत ‘कातीव’ म्हणण्याचा प्रघात आहे. देवळाच्या सभामंडपातील खांब कातीव असतात, एखाद्या चेहऱ्याची ठेवण कातीव असते, एखाद्या लेखकाची भाषासुद्धा कातीव असते. परंतु हे विशेषण ज्या क्रियेपासून जन्मास आले ती क्रिया, म्हणजे लाकूड आसावर फिरते ठेवून, त्यास हत्यार लावून, त्याच्या फिरण्यातूनच त्याला आकार देणे, आणि ती क्रिया करणारा कातारी, ही दोन्ही आपल्या सुशिक्षित समाजाच्या नजरेआड झाली आहेत. सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन उद्योगांना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले, कारण दोहोंचे मर्म फिरण्यात आहे हे तिने ओळखले होते. त्यांपैकी पहिल्याला स्वातंत्र्याच्या चळवळीत मानाचे स्थान लाभले. दुसरा मात्र घरातील लाटण्यात, गोल पोळपाटात, पाळण्याच्या दांड्यांत, पलंगाच्या पायांत, कुंकवाच्या करंड्यात, मुलांच्या भोवऱ्यात आणि तबल्याच्या खोडात मुकाट्याने वावरत राहिला, आणि या वस्तू रोज हाती घेणाऱ्यांनीही त्या कोणत्या रीतीने घडतात याची चौकशी केली नाही.

प्रस्तुत पुस्तक ही चौकशी करते, आणि तीही दुरून नव्हे. लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर आहेच. त्यांचा परिचय एवढाच पुरे की आयुष्यभर शाळेत गणित शिकवून सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागील पडवीत एक लहानसे विजेचे लेथ बसविले, आणि गेली कित्येक वर्षे त्या तेथे लाकडाचे वाडगे घडवीत आहेत. पुस्तकाचा विषय त्यांनी बुद्ध्याच मर्यादित ठेवला आहे: एक खोली, एक यंत्र, दोन-तीन हत्यारे, आणि ओल्या ओंडक्यापासून हातात धरण्याजोग्या वाडग्यापर्यंतचा प्रवास. शेजारची मुले कुंपणावरून विचारतात, “काकू, आमचा वाडगा कधी मिळायचा?” आणि त्या उत्तर देतात, “त्याची मुदत भरली की.” हा ‘मुदत’ शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकला तेव्हा तो मला कचेरीतला वाटला होता, पुढे ध्यानात आले की या कलेचे सारे शास्त्र आणि बरीचशी नीती त्या एका शब्दात साठलेली आहे. प्रस्तावनेच्या निमित्ताने मला सांगावयाचे आहे ते त्या मुदतीविषयीच.

प्रथम यंत्राचा विचार करू. सुताराच्या इतर सर्व कामांत लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. रंधा लाकडावरून फिरतो, करवत लाकडातून जाते, वाकस लाकडावर पडते. कातकामात हा संबंध उलटतो. येथे लाकूड चालते आणि हत्यार लोखंडी टेकणावर स्थिर राहून त्याची वाट पाहते. या उलटापालटीचा परिणाम असा की वर्तुळ काढण्याची जबाबदारी कारागिरावर राहतच नाही. कंपास न लावता, डोळ्याचा अंदाज न घेता, जे काही कापले जाते ते आपोआप गोल होते. कारागिरावर जबाबदारी उरते ती फक्त एका रेषेची, म्हणजे वाडग्याच्या बुडापासून काठापर्यंत जाणाऱ्या वक्ररेषेची; पण वाडग्याचे सारे सौंदर्य त्या एका रेषेतच असल्यामुळे ही जबाबदारी लहान नव्हे. शिवाय फिरणाऱ्या लाकडाचा वेग सर्वत्र सारखा नसतो. १० इंच व्यासाचा वाडगा मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असता त्याचा काठ ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने हत्यारासमोरून धावतो, आणि त्याच क्षणी त्याचा मध्यबिंदू मात्र जागचा हालत नाही. काठापासून तळाच्या केंद्राकडे हत्यार नेणारा हात धावत्या लाकडाकडून निश्चल लाकडाकडे जात असतो, आणि वाटेतील प्रत्येक बोटागणिक त्याला आपली गती बदलावी लागते. ही गोष्ट पुस्तकात वाचून समजते. हाताला ती समजण्यास दिवस लागतात.

आपल्या पुराणकारांना हे यंत्र परिचित होते. विष्णुपुराणात आणि मार्कण्डेयपुराणात कथा आहे की सूर्याची पत्नी संज्ञा हिला पतीचे तेज सोसेना, म्हणून तिचा पिता विश्वकर्मा याने सूर्याला आपल्या भ्रमयंत्रावर चढविले आणि त्याचे तेज छाटून त्याला सुसह्य केले. विष्णुपुराणाच्या हिशेबाप्रमाणे ते तेज एक अष्टमांश होते, आणि त्या छाटलेल्या अंशातून विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ व कार्तिकेयाची शक्ती घडली. देवांच्या शिल्प्याने सृष्टीतील सर्वांत तेजस्वी वस्तू लेथवर चढवावी आणि कमी करून अधिक उपयुक्त करावी, ही कल्पना ज्याला सुचली त्याने एखाद्या कातारी कारागिराचे काम जवळून पाहिलेले असले पाहिजे. मर्त्य कातारी मात्र विश्वकर्म्याहून फार अधिक छाटतो. १० इंच व्यासाच्या व ४ इंच उंचीच्या ठोकळ्यातून पाव इंचाहून थोड्या जाड भिंतीचा वाडगा काढला तर मूळ लाकडाचा अंदाजे सहावा हिस्सा वाडग्यात राहतो आणि बाकीचे पाच हिस्से कीस होऊन जमिनीवर पडतात. ज्या कलेत सहापैकी पाच वाटे टाकून द्यावयाचे असतात, त्या कलेत उरणाऱ्या सहाव्या वाट्याविषयी विशेष आस्था बाळगणे हे कारागिराचे कर्तव्यच ठरते.

लेथचा जो सर्वांत प्राचीन चित्रपुरावा उपलब्ध आहे तो इजिप्तमध्ये, पेटोसिरिसच्या थडग्याच्या भिंतीवर, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा आहे. तेथे एक माणूस दोरीने लाकूड फिरवितो आहे आणि दुसरा त्याला हत्यार लावतो आहे. दोरी एका बाजूला ओढली की लाकूड पुढे फिरते, दुसऱ्या बाजूला ओढली की मागे. कच्छमध्ये लाखकाम करणारे कारागीर आजही जमिनीवर बसून एका हाताने धनुकली चालवितात आणि दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी हत्यार सांभाळतात. त्यांचेही लाकूड असेच पुढे-मागे फिरते. युरोपात मध्ययुगात लवचिक काठीचे लेथ रूढ होते. डोक्यावर बांधलेल्या लांब काठीपासून दोरी खाली येई, लाकडाला एक वेढा देई आणि पायाखालच्या फळीला बांधलेली असे. पाय दाबला की लाकूड कारागिराकडे फिरे, पाय सोडला की काठी ताठ होऊन ते उलटे फिरवी. इंग्लंडातील यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे, आणि ते नाव नॉर्स भाषेतील पेले-वाडगे घडविणाऱ्यांच्या नावावरून आले आहे. तेथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले तेव्हा वाडग्यांच्या पोटातून तोडून टाकलेले लाकडी गाभ्याचे तुकडे मातीत सापडले, आणि हजार वर्षांपूर्वीच्या एका गल्लीचा उद्योग तिच्या टाकाऊ मालावरून सिद्ध झाला.

या परंपरेतील इंग्लंडचा शेवटचा वाडगेकार जॉर्ज लेली हा बर्कशर परगण्यातील बकलबरी येथे राहत असे आणि तो १९५८ साली निवर्तला. एल्म वृक्षाच्या एकाच ठोकळ्यातून तो आकड्यासारख्या वाकड्या हत्याराने मोठ्या वाडग्याच्या पोटातून मधला, मधल्याच्या पोटातून लहान, असे एकात एक बसणारे वाडगे काढी. ज्या पाच हिश्शांचा वर उल्लेख केला त्यांतीलही काही त्याने वाडगेच केले. त्याचे लेथ रेडिंग येथील इंग्रजी ग्रामजीवनाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे, आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात रॉबिन वुड या कारागिराने लवचिक काठीच्या लेथवर वाडगे घडविण्याची ती खंडित विद्या पुन्हा हस्तगत केली.

या सर्व जुन्या लेथांत एक गोष्ट समान होती आणि ती माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लाकूड पुढे फिरत असतानाच हत्याराला कापता येई. ते मागे फिरू लागले की हत्यार केसभर मागे घेऊन थांबावे लागे. म्हणजे काम आणि विराम, काम आणि विराम, अशा द्विपदी लयीतच ती कला चालत होती. कारागिराच्या दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जाई, आणि त्या परतीच्या फेऱ्यात तो नकळत आपल्या कामाकडे पाहून घेई. लिओनार्दो दा विंचीने आपल्या एका टिपणवहीत पायटा, मोडदांडा आणि जड चाक जोडलेल्या लेथचे चित्र काढले आहे. त्यात लाकूड एकाच दिशेने अखंड फिरते. पुढे पाणी, वाफ आणि वीज यांनी तेच केले. परतीचा फेरा गेला. आजच्या लेथचे बटण दाबताच लाकूड सुरू होते ते बटण पुन्हा दाबेपर्यंत थांबत नाही, आणि त्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला वाटू लागते की आता वाट पाहण्याचे काही कारणच उरलेले नाही. यंत्राने आपली मुदत रद्द केली हे खरे. परंतु लाकडाने आपली रद्द केलेली नाही.

ही लाकडाची मुदत काय आहे? नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात पाणी विपुल असते, काही जातींत तर ते लाकडाच्या कोरड्या वजनाइतके असते. त्यातील काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते आणि काही पेशींच्या भित्तिकांत मुरलेले असते. मोकळे पाणी उडून जाते तेव्हा लाकूड हलके होते पण आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भित्तिकांतील पाणी निघू लागते आणि तेव्हा आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व दिशांना समान असते तर काहीच बिघडले नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसतच नाही. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते काहीसे आकसते. आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने सर्वसाधारणपणे त्याच्या दुप्पट आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा परिपूर्ण गोल वाडगा वाळल्यावर लांबट होतो, काठ वर-खाली होतो, आणि भिंत जाड असल्यास बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी वाळून त्या ओढाताणीत तो उभा तडकतो.

मी स्वतः या नियमाची जाणीव न ठेवता एकदा वाडगा केला होता. कोकणातील आमच्या घराच्या परसातील फणस वादळात पडला. त्याच्या पिवळ्याधमक लाकडाचा एक तुकडा मी देशावर आणला आणि चैत्राच्या अखेरीस एका दिवसात कातून, घासून, तेल देऊन पुरा केला. भिंत मी अंगठ्याएवढी जाड ठेवली होती, कारण जाड म्हणजे टिकाऊ अशी माझी समजूत होती. तो वाडगा खिडकीपाशी ठेवला आणि वैशाखाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कडकन आवाज झाला. काठापासून तळाच्या मध्यापर्यंत तड गेली होती. ज्या झाडाखाली मी लहानपणी वाढलो त्याच्या लाकडाला मी चार आठवड्यांचीही सवड दिली नव्हती. ती फट अजून माझ्या टेबलावर आहे आणि या प्रस्तावनेतील प्रत्येक वाक्याला तिची साक्ष आहे.

यावर जगभरच्या कातारी लोकांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे वाडगा दोनदा कातणे. ओंडका मधोमध उभा चिरून त्याच्या केंद्रातून जाणारी मज्जा काढून टाकावयाची, कारण तड बहुधा तेथूनच निघते. मग त्या अर्ध्या ओंडक्याचा कच्चा वाडगा कातावयाचा आणि त्याची भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवावयाची. १० इंचांच्या वाडग्याला १ इंच भिंत, हा तो ठोकताळा. एवढ्या भिंतीतून पाणी बऱ्यापैकी समतोलपणे निघते, आणि वाडगा वाकडा झाला तरी त्याच्या पोटात एक सरळ गोल वाडगा शिल्लक राहतो. तंतूंची तोंडे जेथे उघडी पडतात तेथे मेणाचा हात द्यावयाचा, वाडगा त्याच्याच किसात पुरून कागदी पिशवीत घालावयाचा, आणि वारा व ऊन यांपासून दूर ठेवावयाचा. देशावरच्या वैशाखात त्याला जपावे लागते ते तडकण्यापासून, आणि कोकणातल्या श्रावणात बुरशीपासून. लेखिका दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वाडगा स्वयंपाकघरातील तराजूवर तोलतात आणि वजन त्याच्या बुडाशी शिसपेन्सिलीने लिहितात. जुन्या पेढीवरच्या कीर्द-खतावणीप्रमाणे ही नोंद वाढत जाते, आकडे उतरत जातात, आणि सलग दोन-तीन पंधरवडे आकडा सारखा आला की मुदत भरली असे समजावयाचे. कधी चार महिने लागतात, कधी वर्ष. मग तो वाकडा, कोरडा, टणक झालेला कच्चा वाडगा पुन्हा लेथवर चढतो, त्याच्या बुडाशी लेथात पकडण्यासाठी राखून ठेवलेला कुसू पुन्हा गोल केला जातो, आणि दुसऱ्या कातणीत त्याला त्याचा कायमचा आकार मिळतो. जपानात यामानाका येथील कारागीर लाखेच्या भांड्यांसाठी लाकडाचे कच्चे आकार असेच आधी कातून, वाळवून, मग पुन्हा कातून पुरे करतात. त्या देशात आठव्या शतकात शोतोकू सम्राज्ञीच्या आज्ञेने दहा लाख लहान लाकडी स्तूप लेथवर घडविले गेले आणि प्रत्येकाच्या पोटात छापील मंत्र ठेवला गेला. एवढे मोठे काम ज्या परंपरेने पेलले तिनेही लाकडाच्या मुदतीत सूट मागितली नाही.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की दुसरा एक मार्ग आहे. काही कारागीर ओले लाकूड एकदाच कातून भिंत इतकी पातळ व सारखी करीत की ती तडकण्याऐवजी वाकत असे, आणि तो वाकडेपणा वाडग्याचा स्वभाव म्हणून स्वीकारला जाई. त्या रीतीत कारागीर मुदतीची वाट पाहत नाही. मुदतीत जे घडेल त्याला आधीच संमती देतो. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे ती तिसरी, जी मी आचरली होती: लाकडाकडून गोलपणाची अपेक्षा करावयाची आणि त्याला वाळण्यास वेळ द्यावयाचा नाही.

मुदतीचे हे तत्त्व धारेलाही लागू आहे. वाडग्याचे मुख्य हत्यार म्हणजे खोल पन्हळीची गोल पटाशी. तिच्या धारेमागे जो घासलेला उतार असतो तो आधी फिरत्या लाकडावर टेकवावयाचा, तेव्हा हत्यार लाकडाला घासते पण कापत नाही. मग मूठ किंचित उचलावयाची, आणि धार लाकडात उतरून लांब, सलग, दमट किसाची फीत निघू लागते. हात आधी टेकतो, मग कापतो. हा क्रम चुकला आणि धार आधी लागली की लाकूड हत्याराला हिसका देते, आणि त्या हिसक्यात वाडगाही जातो व कधी हातही दुखावतो. बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे आणि आतली बाजू काठाकडून तळाकडे कातावयाची, कारण त्या दिशेने कापल्यास प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार असतो. तरीही प्रत्येक फेऱ्यात दोन ठिकाणी हत्याराला तंतूंच्या तोंडांवरून जावेच लागते, आणि वाडग्याची खरी परीक्षा त्या दोन ठिकाणी असते. तेथे पृष्ठ खडबडीत राहिले तर काचकागदाने घासत बसण्याऐवजी लेथ बंद करून हत्याराला धार लावावी, असा लेखिकेचा आग्रह आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ज्या हायस्पीड पोलादाचे प्रात्यक्षिक झाले त्यापासून आजची हत्यारे बनतात, आणि ती जुन्या पोलादाच्या मानाने धार पुष्कळ टिकवितात. पण टिकणारी धारसुद्धा संपते, आणि सागासारख्या सिलिकायुक्त लाकडापुढे ती लवकर संपते. दहा मिनिटे कातावे आणि एक मिनिट सहाणेपाशी जावे, हा जुन्या परतीच्या फेऱ्याचाच नवा अवतार आहे.

लाकूड कोठून आणावे, या प्रश्नावर पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते मला विशेष मोलाचे वाटते. सागाच्या व शिसवीच्या मोहापायी नवशिक्याने वखारीत पैसे घालवू नयेत. आपल्या गल्लीत पावसाळ्यात पडलेला आंबा, छाटलेली चिंच, बाभळीचा बुंधा, जांभूळ, शिरीष, आणि शहरांच्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष, ही सर्व लाकडे वाडग्यास योग्य आहेत. पर्जन्यवृक्षाचे तपकिरी, नक्षीदार लाकूड तर हवाई बेटांत वाडग्यांसाठीच प्रसिद्ध आहे. हळदू बारीक व एकसारख्या पोताचा असल्यामुळे एके काळी गिरण्यांच्या बॉबिनींसाठी वापरला जाई, आणि तो हत्याराखाली लोण्यासारखा जातो. मात्र वाडग्यासाठी उभे झाड तोडण्याचा विचारही कोणी करू नये. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आणि नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि परवान्याशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे. पण कायद्याची आठवण देण्याचीही गरज पडू नये. पडलेल्या झाडाला दुसरे आयुष्य देणे हाच या कलेचा खरा अधिकार आहे.

आपल्याच मुलखात या विद्येचे एक जिवंत पीठ आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडापासून कातलेली व रंगविलेली खेळणी आणि फळे पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत, आणि गंजिफांसह त्या गावाचे नाव त्यांनीच सर्वत्र नेले. कर्नाटकात चन्नपट्टण येथे कुड्याच्या पांढऱ्या लाकडावर, ते लेथवर फिरत असतानाच, रंगीत लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि वर केवड्याचे पान दाबून धरले की तिला आरशासारखी झिलई येते. घरच्या वाडग्यास एवढ्या सिद्धतेची आवश्यकता नाही; जवसाचे तेल आणि मधमाशीचे मेण पुरेसे आहे. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडाचे रक्षण करते; शेंगदाण्याचे तेल घट्ट होत नाही, खवट होते. येथेही एका हातानंतर दुसरा हात देण्यापूर्वी दिवसांची सवड द्यावी लागते.

आता हे पुस्तक मराठीत असण्याचे महत्त्व. कातकामाला सर्वस्वी वाहिलेला पहिला ग्रंथ शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरूने ल्यों येथे १७०१ साली प्रसिद्ध केला. हा प्लुमिए वनस्पतिशास्त्रज्ञही होता, आणि आपल्या देवळांच्या आवारातील ज्या चाफ्याची फुले आपण देवाला वाहतो त्या चाफ्याला शास्त्रज्ञांनी ‘प्लुमेरिया’ हे नाव त्याच्याच स्मरणार्थ दिले आहे. एक विद्वान साधू हत्यार हातात घेतो, त्याचे शास्त्र लिहून ठेवतो, आणि त्यामुळे त्याच्या विद्वत्तेला उणेपणा येत नाही, ही गोष्ट आपल्याकडे दीर्घकाळ घडली नाही. गावगाड्यात सुताराचे वतन होते, बलुत्यात त्याचा हक्क होता, पण त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याने हत्यार धरणे कमीपणाचे मानले. त्यामुळे कारागिराचे ज्ञान त्याच्या हयातीबरोबर गेले आणि पंडिताचे ज्ञान वस्तूच्या कसोटीला कधी लागलेच नाही. १९३७ साली वर्धा येथील शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हे शिक्षणाचे मध्यवर्ती साधन मानावे असा आग्रह धरला, तो याच भेगेवर उपाय म्हणून होता. एका गणिताच्या शिक्षिकेने वाडग्याच्या भिंतीचे प्रमाण, लेथच्या फेऱ्यांचा हिशेब आणि उतरत्या वजनाचे तक्ते इतक्या चोख मराठीत लिहावेत, यात त्या आग्रहाची उशिरा का होईना पूर्तता झालेली मला दिसते.

आणि हे काम घरातच का व्हावे, याचेही उत्तर मुदतीतच आहे. बाजारासाठी राबणाऱ्या कारागिराला ग्राहकाने ठरविलेली मुदत पाळावी लागते. लाकडाची मुदत आणि ग्राहकाची मुदत यांच्या ओढाताणीत पुष्कळदा लाकडाला हार खावी लागते, आणि त्याचा दोष त्या कारागिराकडे जात नाही, कारण त्याला पोट आहे. घरच्या कारागिराला मात्र कोणाचे देणे नाही. त्याच्या फळीवर दहा कच्चे वाडगे वर्षभर स्वस्थ पडून राहू शकतात. म्हणूनच उत्तम, निर्दोष, मुदत पाळलेला वाडगा करण्याची जबाबदारी हौशी माणसावर अधिक आहे. ज्याला सवड आहे त्याला घाईची सबब सांगता येत नाही.

सुरक्षिततेविषयीचे प्रकरण वाचकांनी वगळू नये अशी माझी निक्षून विनंती आहे. लेथपुढे उभे राहताना पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस यांना जागा नाही. तोंडावर संपूर्ण झाकण असावे. फिरत्या वाडग्याच्या काठाच्या रेषेत उभे राहू नये. ओबडधोबड ओंडका प्रथम अगदी मंद गतीने फिरवावा, आणि पुढेही इंचांतील व्यास व मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ९००० च्या वर जाऊ देऊ नये. शिसवी-सागाची बारीक भुकटी श्वासावाटे व त्वचेवाटे बाधते, म्हणून नाकातोंडावर मास्क हवाच. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. काही सेकंदांची बेफिकिरी वर्षाच्या मुदतीचे फळ हिरावून घेते.

पुस्तक वाचून झाल्यावर ते मिटून ठेवू नये, एवढेच वाचकाला सांगणे आहे. लेथ आज नसेल तर नसो. प्रथम एखाद्या जाणत्या कातारी कारागिरापाशी चार दिवस उभे राहून पाहावे. लेथ आले आणि गल्लीत पडलेल्या झाडाचा ओला तुकडा हाती लागला, म्हणजे त्याचा कच्चा वाडगा त्याच दिवशी कातावा, बुडाशी तारीख आणि वजन लिहावे, आणि तो किसात पुरून फळीवर ठेवावा. आकडे उतरायचे थांबेपर्यंत त्याला हात लावू नये.